वास गेला, धोका राहिला

तबेल्याजवळून जाताना आपण नाकाला रुमाल लावतो आणि वास थांबला की निर्धास्त होतो. दम्याच्या आणि हृदयविकाराच्या रुग्णांनी मात्र इतक्यावर निर्धास्त होऊ नये.

जनावरांच्या मुतात युरिया असतो. शेणातल्या जिवाणूंमुळे त्याचा अमोनिया होतो. हा वायू पाण्यात झटकन विरघळतो, म्हणून बराचसा नाका-घशाच्या ओलाव्यातच अडकतो. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. गोठ्यात, पोल्ट्रीत राबणाऱ्यांना हा त्रास रोजचा. शहरात मात्र तो वेगळं रूप घेऊन येतो. वाहनांच्या आणि कारखान्यांच्या धुरापासून हवेत आम्लं तयार होतात. त्यांच्याशी अमोनियाचा संयोग झाला की अमोनियम नायट्रेट, अमोनियम सल्फेट अशा क्षारांचे अतिसूक्ष्म कण बनतात. आपण ज्याला पीएम २.५ म्हणतो, त्यात हे मोडतात. त्यांचा वास येत नाही. वाऱ्याबरोबर ते शेकडो किलोमीटर जातात आणि थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात.

मार्च २०१४ मध्ये पॅरिसनं हे अनुभवलं. शेतांना खत घालण्याचा हंगाम, रात्री गार, वारा पडलेला. शेतांतला अमोनिया आणि गाड्यांचा धूर एकत्र आले आणि शहर धुरक्यात बुडालं. १७ मार्चला सम-विषम क्रमांकांचा नियम लावून गाड्या कमी केल्या, मेट्रो-बस फुकट केली. ते योग्यच होतं. पण युरोपातला ९० टक्क्यांहून अधिक अमोनिया शेती-पशुपालनातून येतो, आणि सम-विषमचा नियम तिथवर पोहोचत नाही.

अमोनियम नायट्रेट थंड, दमट हवेत टिकतं. तापमान वाढलं की त्याचा पुन्हा वायू होतो. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या धुरक्यात फिरायला जाऊ नका, ऊन चढल्यावर जा. आपल्याकडच्या हवा गुणवत्ता निर्देशांकात अमोनियाचीही नोंद असते, पण तो आकडा कमी दिसला म्हणून समाधान मानू नका. पीएम २.५ पाहा. चोवीस तासांसाठी आपली मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना १५ म्हणते. एन-९५ मास्क नीट बसवला तर कण अडतात, वायू अडत नाही. बरं वाटतंय म्हणून रोजचा इन्हेलर स्वतःच्या मनानं बंद करू नका. हिवाळ्यात तर मुळीच नाही. छातीत दुखलं, धाप वाढली, तर हवेला दोष देत घरी थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा.

गोठा किंवा पोल्ट्री असलेल्या वाचकांनो, मूत शेणात मुरण्याआधी वाहून जाईल असा उतार आणि नाली ठेवा. शेणखत शेतात पसरलं की त्याच दिवशी मातीआड करा. खताचा कसही टिकतो. पोल्ट्रीतलं ओलं तूस आधी काढा. त्यावर नुसता चुना भुरभुरला तर अमोनिया उलट जास्त सुटतो. हिवाळ्यात ऊब राहावी म्हणून पडदे पूर्ण बंद करतात, ते थोडे तरी उघडे ठेवा. आणि खोकणाऱ्या मुलांना गोठ्याला लागून असलेल्या खोलीत झोपवू नका.