विंडोज, मॅक, लिनक्स : स्क्रीन रीडर स्वतःच पारखून घ्या

जो तो आपल्या सवयीच्या स्क्रीन रीडरचं कौतुक करतो. त्यावर विसंबू नका. सगळ्यांना एकच परीक्षा द्या आणि निकाल तुम्हीच लावा. विंडोज १० किंवा ११चा लॅपटॉप, १६ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह, हेडफोन आणि आवाज रेकॉर्ड करणारा फोन जवळ घ्या. मॅक घरात नसेल तर मित्राचा तासभर मागून आणा. शेजारी डोळस माणूस बसला असेल तर माउस त्याच्यापासून लांब ठेवा. त्याची गरज फक्त एकदाच लागणार आहे, तेव्हा सांगेनच.

१. नोटपॅडमध्ये परीक्षेचं वाक्य लिहा. हे चालेल : ‘ज्ञानेश्वर काळे यांनी चहाचे चार चमचे आणि तिळाची चटणी घेऊन २,३५० रुपये दिले.’ यात ‘ज्ञ’ आहे, ‘ळ’ आहे, मराठी आकडे आहेत, शिवाय ‘चहा’ आणि ‘चार’ यांतले दोन वेगळे ‘च’ आहेत. शेवटी रोमन लिपीत एखादा इंग्रजी शब्दही टाका.

२. ही फाइल स्वतःलाच मेल करा. पेनड्राइव्हवर ठेवू नका, तो पुढे पुसला जाणार आहे.

३. चार कामं फोनवर बोलून नोंदवा : फाइल वाचणं, मराठी विकिपीडियावर एखाद्या जिल्ह्याचा लेख उघडून मथळ्यांवरून उड्या मारत जाणं, त्याच लेखातल्या तक्त्याची एक ओळ वाचणं, शोधपेटीत मराठीत दुसऱ्या जिल्ह्याचं नाव टाइप करून तो लेख गाठणं. मधेच काम बदललंत तर तुलना गेली.

आता विंडोज. सुरुवात घरच्याच नॅरेटरपासून, कारण तो आधीपासून बसवलेला आहे.

४. विंडोज की, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबा. बोलणं सुरू होईल. घाईत दोनदा दाबलंत तर सुरू झालेला पुन्हा बंद होईल.

५. कॅप्स लॉक धरून १ दाबा. आता कुठलीही की दाबा, ती काय करते ते ऐकू येईल. मनसोक्त चाचपडा, काही बिघडत नाही. बाहेर पडायला पुन्हा कॅप्स लॉक आणि १.

६. विंडोज की, कंट्रोल आणि एन दाबून नॅरेटरच्या सेटिंग्ज उघडा आणि देवनागरी वाचणारा आवाज निवडा. यादीत मराठी नसेल तर हिंदी घ्या. उच्चार हिंदी वळणाचे येतील, पण मजकूर वाचला जाईल. ही पायरी गाळू नका. इंग्रजी आवाज देवनागरी मजकूर चक्क ओलांडून जाऊ शकतो आणि तुम्हाला वाटेल फाइलच रिकामी आहे.

७. एज ब्राउझर उघडून चारही कामं करा. मथळ्यासाठी एच, दुव्यासाठी के, तक्त्यासाठी टी. तक्त्यात शिरल्यावर कंट्रोल आणि ऑल्ट धरून बाणांच्या कीने एकेका घरात सरका. शोधपेटीत टाइप होत नसेल तर एकेका कीने उड्या मारू देणारा स्कॅन मोड चालू राहिलाय. कॅप्स लॉक आणि स्पेस दाबून तो बंद करा. बडबड थांबवायला नुसतं कंट्रोल.

८. लगेच फोनवर बोलून ठेवा : कुठलं काम किती वेळात झालं, कुठे अडलात. आवाज गोड की कर्कश हे शेवटी सांगा. नवखा माणूस आवाजावर भाळतो आणि तक्त्यात हरवतो.

९. नॅरेटर चालू ठेवूनच एनव्ही ॲक्सेसच्या संकेतस्थळावरून एनव्हीडीए हा दुसरा स्क्रीन रीडर उतरवून घ्या. हा पूर्णपणे मोफत आहे. वाटेत देणगीचं विचारतील, न देताही पुढे जाता येतं.

१०. उतरवलेली फाइल चालवा. एनव्हीडीए स्वतःच बोलू लागेल.

११. त्याचा आवाज आल्याबरोबर चौथ्या पायरीतल्याच कीने नॅरेटर बंद करा. दोघं एकदम बोलू लागले की लग्नघरात फोनवर बोलल्यासारखं होतं.

१२. अटी मान्य असल्याच्या चौकटीवर स्पेस दाबा आणि इन्स्टॉलचं बटण गाठा. चौकट राहिली तर बटण चालणारच नाही. लॅपटॉप दुसऱ्याचा असेल तर इन्स्टॉलऐवजी पोर्टेबल प्रतीचा पर्याय घ्या.

१३. स्वागताच्या खिडकीत कॅप्स लॉकला एनव्हीडीए की करण्याची चौकट निवडा. बऱ्याच लॅपटॉपवर इन्सर्ट सापडतच नाही, म्हणून हे आत्ताच उरकून घ्या.

१४. एनव्हीडीए की, कंट्रोल आणि एस दाबून ई-स्पीक एनजी हे बोलणारं इंजिन निवडा.

१५. एनव्हीडीए की, कंट्रोल आणि व्ही दाबून आवाजांच्या यादीतून मराठी घ्या. ऐकून तोंड वाकडं कराल, कारण आवाज अगदी यंत्रासारखा आहे. तरी लगेच बदलू नका. की दाबताक्षणी बोलणं आणि वेग वाढवला तरी शब्द एकमेकांत न मिसळणं, हे गुण दिवसभर काम करणाऱ्याला गोडव्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

१६. क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये तीच चार कामं करा. एच, के, टी तेच आहेत, तक्त्यातल्या कीही त्याच. शोधपेटीसाठी मोड बदलायला एनव्हीडीए की आणि स्पेस. सगळे मथळे आणि दुवे एका यादीत हवे असतील तर एनव्हीडीए की आणि एफ ७. लांबलचक लेखात ही यादी फार वेळ वाचवते.

१७. नोंद करा.

जॉजचं नाव निघेलच. तो फक्त विंडोजवर चालतो आणि पैसे मोजावे लागतात. परवान्याशिवाय तो एका वेळी ४० मिनिटं चालतो, मग संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. आपल्या परीक्षेला तेवढा वेळ पुरतो. कचेरीत जॉज असेल तर त्यालाही हीच कामं द्या. नसेल तर खुशाल पुढे चला.

१८. मॅकवर कमांड आणि एफ ५ दाबा. व्हॉइसओव्हर बोलेल. काहीच झालं नाही तर एफएन कीही सोबत धरा.

१९. कंट्रोल आणि ऑप्शन धरून के दाबा, म्हणजे कींची ओळख सुरू होईल. ही जोडगोळी इथे सतत लागते, बोटांना आत्ताच वळण लावा. बाहेर पडायला एस्केप.

२०. हीच जोडगोळी आणि एफ ८ दाबून व्हॉइसओव्हर युटिलिटी उघडा आणि स्पीच विभागात मराठी आवाज निवडा. अलीकडच्या मॅकोएसमध्ये तो मिळतो, मात्र आधी डाउनलोड करावा लागतो.

२१. सफारीत चार कामं करा, क्रोममध्ये नको. व्हॉइसओव्हरची गट्टी सफारीशी आहे. पुढच्या मथळ्यासाठी जोडगोळी, कमांड आणि एच. मथळ्यांची यादी हवी तर जोडगोळी आणि यू. विंडोजवाले हमखास अडकतात ते तक्त्याशी : तक्ता नुसता लागून उपयोग नाही, जोडगोळी, शिफ्ट आणि खालचा बाण दाबून त्याच्या आत उतरावं लागतं. बाहेर येताना तसंच, पण वरचा बाण. पहिल्या तासात याचा राग येईल. गुण देताना तो राग बाजूला ठेवा.

२२. नोंद करा आणि मॅक परत द्या.

२३. लिनक्ससाठी उबुंटूचा चालू करता येणारा पेनड्राइव्ह विंडोजवर बनवून घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाईल.

२४. आता डोळस माणसाला हाक मारा. संगणक पेनड्राइव्हवरून सुरू करण्याचा मेनू मुका असतो, तिथे कुठलाच स्क्रीन रीडर बोलत नाही. त्याला ठणकावून सांगा : उबुंटू ‘वापरून पाहा’ हाच पर्याय घे. ‘इन्स्टॉल’ निवडून पुढे पुढे जात राहिलात तर लॅपटॉपमधलं विंडोज पुसलं जाऊ शकतं.

२५. डेस्कटॉप आल्यावर विंडोज की, ऑल्ट आणि एस दाबा. ऑर्का बोलू लागेल.

२६. ऑर्का की आणि स्पेस दाबून सेटिंग्ज उघडा आणि आवाजाची भाषा मराठी करा. ऑर्का की म्हणजे इन्सर्ट. लॅपटॉपची कीबोर्ड मांडणी निवडली की कॅप्स लॉक. ई-स्पीकचाच आवाज पुन्हा भेटेल, आता तो ओळखीचा झालाय.

२७. फायरफॉक्समध्ये चार कामं करा. एच, के, टी इथेही चालतात. तक्त्यात मात्र ऑल्ट, शिफ्ट आणि बाण. मोड बदलायला ऑर्का की आणि ए. मराठी टाइप करायला आधी सेटिंग्जमध्ये मराठी कीबोर्ड जोडावा लागेल. पेनड्राइव्हवरून चालणारी यंत्रणा मंद असते, तो उशीर ऑर्काच्या नावावर मांडू नका.

२८. सगळ्या नोंदी एका दमात ऐका. रोजच्या कामात ज्याचा वाटा मोठा, त्याचे गुण दुप्पट धरा. बँकेत तक्ते वाचणाऱ्याची आणि कादंबऱ्या वाचणाऱ्याची निवड एकच येईल असं नाही. माझं मत विचाराल तर विंडोज वापरणाऱ्या मराठी माणसाने एनव्हीडीए रोजचा ठेवावा आणि नॅरेटरची ती तीन कींची खूण अडीअडचणीसाठी पाठ ठेवावी.

२९. निवडलेला स्क्रीन रीडर साइन-इनच्या पडद्यावरही चालेल असं करा. एनव्हीडीएत ही चौकट जनरल सेटिंग्जमध्ये आहे आणि तिला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. ती राहिली तर पासवर्डच्या जागी संगणक गप्प बसेल.

३०. संगणक पुन्हा सुरू करा आणि पासवर्ड एकट्याने टाकून आत जाता येतंय का, ते बघा.