मोटारीची बॅटरी का उतरते?

चेन्नईच्या दक्षिण भागातील वेलचेरी ही वस्ती सखल असून पल्लिकरणै येथील पाणथळीनजीक वसलेली आहे. डिसेंबर २०१५ च्या महापुरात आणि डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पावसात तेथील रस्ते जलमय होऊन अनेक मोटारी बुडाल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये अतिवृष्टीचा इशारा मिळताच रहिवाशांनी आपल्या मोटारी जवळच्या उड्डाणपुलावर नेऊन ठेवल्या.

पुरात सापडलेली मोटार साफसफाईनंतर चालू होते. परंतु पुढे तिची बॅटरी वारंवार उतरू लागते, असे पुष्कळदा घडते. मालक नवी बॅटरी आणतो आणि थोड्याच दिवसांत तीही उतरते. कारण दोष बॅटरीत नसून तिला विद्युत् पुरविणाऱ्या यंत्रणेत असतो.

या यंत्रणेचा मुख्य भाग म्हणजे ऑल्टरनेटर होय. इंजिन त्याला पट्ट्याने फिरविते. त्यातील विद्युत्‌चुंबक फिरू लागला म्हणजे भोवतालच्या स्थिर वेटोळ्यांत उलटसुलट वाहणारा प्रवाह उत्पन्न होतो. डायोड त्यास एकाच दिशेचे वळण लावतात, आणि रेग्युलेटर विद्युत्‌दाब मर्यादेत ठेवतो. विद्युत्‌चुंबकास प्रवाह पोहोचविणारे कार्बनचे ब्रश गाळाने लवकर झिजतात. ओलाव्याने तारांचे सांधे गंजतात.

परीक्षेस एक व्होल्टमीटर पुरेसा आहे. काही तास स्वस्थ ठेवलेल्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. इंजिन चालू करताच तो सामान्यतः १३.८ ते १४.५ व्होल्टपर्यंत चढावा. तो चढलाच नाही, तर बॅटरी भरली जात नाही. १५ च्या पुष्कळ वर गेला, तर रेग्युलेटर बिघडला असावा. काही आधुनिक मोटारींत संगणक हा दाब गरजेप्रमाणे बदलतो. तेथे उत्पादकाची पुस्तिका पाहावी.

दाब न चढल्यास प्रथम पट्टा सैल अथवा गुळगुळीत झाला आहे काय, हे इंजिन बंद करून पाहावे. नंतर इंजिन व दिवे चालू ठेवून ऑल्टरनेटरचे निर्गम टोक आणि बॅटरीचे धन टोक यांमधील दाब मोजावा. तो अर्ध्या व्होल्टहून अधिक भरल्यास वाटेतील एखादा सांधा प्रवाहास अडवीत आहे, असे समजावे. बॅटरीचे ऋण टोक व ऑल्टरनेटरचे धातूचे अंग यांमध्येही अशीच परीक्षा करावी. सांधा सोडविण्यापूर्वी इंजिन बंद करून ऋण तार प्रथम काढावी. मग गंज घासून सांधा घट्ट आवळावा. सांधे निर्दोष असूनही दाब चढत नसेल, तरच ऑल्टरनेटर उतरवून ब्रश, डायोड व रेग्युलेटर तपासावेत.

इंजिन चालू असता बॅटरीची तार कधीही काढू नये. अकस्मात उसळणाऱ्या दाबाने डायोड व इतर उपकरणे जळू शकतात. तसेच बुडालेली मोटार, इंजिनात पाणी शिरलेले नाही याची खात्री होईपर्यंत, सुरू करू नये.

मापनापूर्वी भाग बदलणे म्हणजे अंदाजाची किंमत मोजणे होय. पुष्कळदा एक गंजलेला सांधा घासल्याने जे साधते, ते नव्या बॅटरीने साधत नाही.