उपरोध : कोणावर करावा, कोणावर करू नये



गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. येथे फ्रिस्कोला मुलीच्या घरी माझ्या सात वर्षांच्या नातवाने दुधाचा पेला गालिच्यावर उपडा केला. मी पटकन म्हणाले, "वा! मोठा पराक्रम केलास!" त्याने माझ्याकडे पाहिले, हसला आणि म्हणाला, "थँक यू, आजी." तो चेष्टा करीत नव्हता. त्याला मराठी समजते. शब्द सगळे कळले होते. ते उलटे घ्यायचे असतात, एवढेच त्याला ठाऊक नव्हते. मुलगी हसू लागली. मी मात्र विचारात पडले. इतकी वर्षे वर्गात मराठी शिकवली, पण उपरोध माणूस शिकतो कोठे आणि तो कोणावर करावा, हा पाठ मी कधी घेतलाच नव्हता. तो आज घेऊ.

प्रथम शब्द पाहू. मनात एक आणि तोंडी त्याच्या उलट, पण खरा अर्थ सुरातून कळतो, तो उपरोध. उघडउघड हसणे, हा उपहास. एखाद्याच्या लिहिण्याबोलण्याची नक्कल करून त्यातील खोट दाखवणे, हे विडंबन. बाहेरून स्तुती व आतून निंदा, ही व्याजस्तुती. हा अलंकार आपण शाळेत पाठ केला आहे. घरच्या भाषेत याच्या पायऱ्याच आहेत. कोपरखळी मित्राला मारतात, ती दुखत नाही. टोमणा दुखतो. शालजोडीतला जोडा तर फार दुखतो, पण मारणाऱ्याला कोणी नावे ठेवू शकत नाही. आणि 'लेकी बोले सुने लागे' या विद्येत आपल्याकडील किती सासवा पारंगत होत्या, ते सुनांनाच विचारावे!

आणखी एक प्रकार असा की, त्यात बोलणारा कोणीच नसतो. परिस्थितीच माणसाची थट्टा करते. मी राहते त्या गावाचेच पाहा. टेक्सासमधील या गावाला 'फ्रिस्को' हे नाव येथून गेलेल्या सेंट लुईस-सॅन फ्रान्सिस्को रेल्वेवरून पडले. ही रेल्वे सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत कधी पोचलीच नाही. १९८० साली ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. जेथे पोचली नाही त्या शहराचे नाव मात्र ती आमच्या गावाला देऊन गेली.

असो. आता जुने उदाहरण घेऊ, आपल्या सर्वांच्या ओळखीचे. कर्मेल डोंगरावर एलियाहू हन्नाबी बआलच्या संदेष्ट्यांना म्हणतात की, मोठ्याने हाका मारा, तुमचा देव कदाचित विचारात गढला असेल, प्रवासाला गेला असेल किंवा झोपला असेल. हा कडक उपहास आहे. पण तेथे माणसे किती होती ते विसरू नये. समोर चारशे पन्नास आणि त्यांच्या पाठीशी राजवाडा. इकडे हे एकटे. एकट्याने अनेकांवर केलेला उपहास आणि अनेकांनी एकट्यावर केलेला उपहास यांना एकाच मापाने मोजता येत नाही. हे पहिले सूत्र.

दुसरे सूत्र मराठी विनोदातून घेऊ. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१-१९३४) यांच्या 'सुदाम्याचे पोहे' मध्ये सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या अशी तीन पात्रे आहेत. कोल्हटकरांना जुन्या रूढींवर टीका करायची होती. पण त्यांनी उपदेशाचा सूर लावला नाही. त्यांनी सुदाम्यालाच रूढीची बाजू इतक्या गंभीरपणे मांडावयास लावले की, वाचकालाच तिचा पोकळपणा दिसावा. गोष्ट सांगणारा सुदामा स्वतःच त्या हास्यात सापडलेला असतो. पुढे १९२५ साली प्र. के. अत्रे यांनी 'केशवकुमार' या नावाने 'झेंडूची फुले' काढून रविकिरण मंडळाच्या कवींचे विडंबन केले. तेथे मार बसला तो कवितेतील नखऱ्याला. कोणाच्या गरिबीला किंवा व्यंगाला नव्हे.

आता आपल्या समाजातील थोर कवी निस्सीम इझिकेल (१९२४-२००४) यांच्याकडे येऊ. ते इंग्रजीत लिहीत आणि मुंबईत इंग्रजीचे प्राध्यापक होते. १९८३ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांची 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' ही कविता पुष्कळांना ठाऊक असेल. मिस पुष्पा परदेशी निघाल्या आहेत आणि त्यांना निरोप देणारा एक गृहस्थ भाषण करीत आहे. त्याचे इंग्रजी आपल्या देशी वळणाचे आहे. बरीच क्रियापदे 'करीत आहे', 'जात आहे' अशा चालू काळात. स्तुती सुरू होते, मध्येच तो स्वतःच्या सुरतच्या आठवणीत शिरतो, मग पुन्हा पुष्पाबाईंकडे वळतो. वाचताना हसू आवरत नाही.

या कवितेवर आक्षेपही घेतला गेला. प्राध्यापकाने साध्या माणसाच्या इंग्रजीला हसावे काय? आक्षेप हलका नाही. मीही ही कविता अनेक वर्षे केवळ चुकांची गंमत म्हणून वाचत असे. येथे आल्यावर ती वेगळी वाटू लागली. दुकानात माझे इंग्रजी ऐकून समोरचा माणूस "पार्डन?" म्हणतो, तेव्हा त्या भाषण करणाऱ्या गृहस्थाच्या जागी मी असते. आणि आपल्यापैकी परदेशी आलेल्या किती जणांचा असाच निरोप-समारंभ झाला असेल! चहा, वेफर्स, अडखळत केलेले भाषण. त्या भाषणाचे व्याकरण चुकले असेल, माया खरी होती. जाणारी चांगल्या दिवसांकडे निघालेली असते आणि राहणारे तिचे गोडवे गात असतात. मला आता त्या कवितेतील खरा उपरोध या ठिकाणी दिसतो.

कवीने स्वतःला सोडले असते तर आक्षेप मान्य करावा लागला असता. पण 'बॅकग्राउंड, कॅज्युअली' या कवितेत त्यांनी स्वतःच्या जन्माची कथा सांगितली आहे. शाळेत इतर मुलांकडून सोसलेला त्रास, लंडनमधील दिवस, मालवाहू बोटीवर काम करीत मायदेशी परतणे आणि आपले तेल गाळणारे पूर्वजही त्यात येतात. त्यात पहिला हसण्याचा विषय ते स्वतःच आहेत. 'हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला' अशी म्हण आहे. ज्याने आधी आपले नाक पाहिले, त्याला लोकांकडे पाहून हसण्याचा थोडा अधिकार येतो. हे दुसरे सूत्र.

तिसरे सूत्र मी पुस्तकातून शिकले नाही. मुंबईत शिकवीत असताना आठवीतील एक मुलगा रोज पहिल्या तासाला उशिरा येई. एके दिवशी मी म्हणाले, "यावे महाराज, आपल्यासाठी पायघड्या घालायच्या राहिल्या!" वर्ग खो खो हसला. त्यानंतर तो उशिरा आला नाही. उशीर झाला की तो वर्गात येतच नसे. तास संपेपर्यंत जिन्यात बसून राही. पुढे त्याच्या आईकडून कळले की, तो पहाटे घरोघर पेपर टाकून शाळेत येत असे. मी त्याला व्हरांड्यात गाठून "माझे चुकले" म्हटले. त्याने मान हलवली. पण उपरोध मी केला चाळीस मुलांसमोर आणि चूक कबूल केली एकट्यात. ते वर्गात सांगायला हवे होते, हे तेव्हा कळत होते. धीर झाला नाही. ज्याला उलट उत्तर देण्याची सोय नाही, त्याच्यावर उपरोध करू नये. विद्यार्थी, नोकर, नवी सून आणि लहान मूल यांना ती सोय नसते.

त्या दुधाच्या दिवशी रात्री मी नातवाला 'पराक्रम' या शब्दाचा खरा आणि उलटा, दोन्ही अर्थ समजावून सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे तू रागावली होतीस?" मी म्हटले, "हो, थोडीशी." तो म्हणाला, "मग तसंच का नाही म्हणालीस?" मला उत्तर सुचले नाही. परदेशातील आपल्या मुलांना मराठी बहुधा घरातच ऐकायला मिळते. त्यांच्या कानावर पडणाऱ्या थोड्या वाक्यांत टोमणेच अधिक असतील, तर भाषा टोचणारी आहे असेच ती धरून चालतील. उपरोध त्यांना अवश्य शिकवावा. त्यावाचून अर्धे मराठी साहित्य त्यांना बंद राहील. पण सुरुवात आपल्या स्वतःच्या फजितीपासून करावी. मी चहात साखरेऐवजी मीठ घातले, तेव्हा नातू म्हणाला, "आजी, मोठा पराक्रम केलास!" त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.

स्वाध्याय :
१. घरात वापरली जाणारी पाच उपरोधिक वाक्ये लिहून काढा. प्रत्येकाचा सरळ अर्थ मुलांना सांगा.
२. त्यांपैकी कोणती वाक्ये आपण आपल्यापेक्षा मोठ्या माणसाला म्हणू शकू? जी म्हणू शकणार नाही, ती लहानांना का म्हणतो?
३. स्वतःच्या फजितीची एक गोष्ट उपरोधिक भाषेत दहा ओळींत लिहा आणि जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवा.