रानपिंगळा : शरद ऋतूतील एका नोंदीचा पाठ

पर्जन्यकाळ सरून आश्विन लागला म्हणजे मुंबईभोवतालच्या खाड्या, मिठागरे आणि डोंगरउतार पक्ष्यांनी गजबजू लागतात. धोबी, तुतवार हे नेहमीचे पाहुणे होत. त्यांच्याबरोबर क्वचित दृष्टीस पडणारे वाटसरूही असतात. काश्मिरी नीलपंख आफ्रिकेस जाता जाता सप्टेंबर-ऑक्टोबरात पश्चिम भारतावरून जातो. अमूर ससाणा सैबेरिया व उत्तर चीन येथून निघून नोव्हेंबरच्या सुमारास भारत ओलांडतो आणि अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेचा किनारा गाठतो; आणि हा पक्षी कबुतराएवढाही नाही!

परंतु दुर्मिळ पक्षी म्हणजे दूरदेशीचाच पक्षी, असा मुलांचा समज होऊ देणे इष्ट नाही. मुंबईस १८९२ पासून पाणी पुरविणाऱ्या तानसा तलावाच्या सभोवती सागाचे दाट रान आहे. शहरापासून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या या अभयारण्यात २०१४ च्या ऑक्टोबरात रानपिंगळा आढळला. हा पक्षी परका नव्हे. मध्य भारताबाहेर जगात कोठेही त्याचे वास्तव्य नाही. तरीही सह्याद्रीच्या रांगेतील त्याची ही पहिलीच नोंद होती.

साधा पिंगळा प्रत्येक गावाच्या ओळखीचा आहे. वडाच्या ढोलीत तो राहतो, तिन्हीसांजेला त्याचा कलकलाट सुरू होतो, आणि पहाटे कंदील घेऊन भविष्य सांगत फिरणाऱ्या पिंगळ्यालाही त्याचेच नाव मिळाले आहे. रानपिंगळा त्याचा जवळचा नातलग. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ एकरंगी तपकिरी असते. त्याची चोच व नखे अधिक मजबूत, छाती गडद, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा आणि शेपटीवरील पट्टे रुंद असतात. तो दिवसाउजेडी शिकार करतो. सकाळच्या उन्हात निष्पर्ण शेंड्यावर निवांत बसलेला दिसतो. सरडे, उंदीर, किडे हे त्याचे भक्ष्य होय.

या पक्ष्याचा इतिहास शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावा. १८७२ मध्ये ब्ल्यूइट नावाच्या अधिकाऱ्याला हल्लीच्या छत्तीसगडातील फुलझर भागात तो प्रथम मिळाला. पुढील वर्षी ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्यास ब्ल्यूइटचे नाव दिले. त्यानंतर खानदेशात नेमणुकीस असलेले जेम्स डेव्हिडसन यांनी शहादे-तळोदे भागात काही नमुने मिळविले. त्यांतील अखेरचा १८८४ मधील. सर्व मिळून जेमतेम सात नमुने संग्रहालयांत जमा झाले, आणि पक्षी जणू नाहीसा झाला.

मध्यंतरी कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात आणखी एक रानपिंगळा असल्याचे जाहीर झाले. १९१४ च्या ऑक्टोबरात गुजरातमधील तापीकाठच्या मांडवीजवळ तो मारला, असे त्याच्या चिठ्ठीवर लिहिलेले होते. माणूस नामांकित, चिठ्ठीवर स्थळ आहे, दिनांक आहे. मग शंका कोण घेणार? हा पक्षी शोधणाऱ्यांत सालिम अली व डिलन रिप्ले यांच्यासारखे जाणते लोकही होते. परंतु कोणासच यश आले नाही.

पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ महिलेने त्या नमुन्याची आतून-बाहेरून तपासणी केली. तो डेव्हिडसनच्याच १८८४ च्या नमुन्यांपैकी होता! ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून व शिवून, त्यावर खोटी चिठ्ठी बांधलेली होती. रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये हे सविस्तर प्रसिद्ध केले. मांडवीची नोंद खोटी ठरल्यावर उरल्या त्या केवळ जुन्या, प्रामाणिक नोंदी. त्यांचाच माग धरून रासमुसेन आपल्या दोन सहकाऱ्यांसह शहाद्याजवळच्या रानात आल्या, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी रानपिंगळा त्यांच्यापुढे झाडावर बसलेला होता. ११३ वर्षे लोटली होती. शहादे त्या वेळी धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा पुढील वर्षी झाला. त्यानंतर मेळघाटात व अन्यत्रही तो आढळला, आणि अखेर तानशाच्या रानात.

चोरी झाली ती एका मृत पक्ष्याची. परंतु फसगत झाली ती त्या चिठ्ठीवर विसंबणाऱ्या प्रत्येकाची. उलटपक्षी, डेव्हिडसनने आपल्या चिठ्ठ्यांवर जे खरे होते तेच लिहिले, म्हणून शंभर वर्षांनंतरही त्या उपयोगी पडल्या.

निसर्गपाठाच्या तासाला मुलांस रानात वा शाळेच्या आवारात न्यावे. दिवाळीच्या सुटीपूर्वीचे दिवस यास उत्तम. प्रत्येकाने वहीत दिनांक, वेळ, जागा, झाड आणि पक्ष्याची पाहिलेली खूण एवढेच लिहावे. नाव ठाऊक नसल्यास ते सोडून द्यावे. एखादा मुलगा वर्गात वाहवा मिळावी म्हणून न पाहिलेला पक्षी लिहील. त्यास रागे न भरता रानपिंगळ्याची गोष्ट पुन्हा सांगावी. घरट्याजवळ जाऊ नये. गलोली शाळेतच ठेवून घ्याव्यात. घुबड व पिंगळा अशुभ या समजुतीने हे पक्षी मारले जातात, हेही ओघाने सांगावे.

घुबडाच्या जातीचा पक्षी दिवसा उघड्यावर दिसला, तर पहिला प्रश्न डोक्यावरील ठिपक्यांचा विचारावा. साधा पिंगळाही दिवसा कधी कधी बाहेर बसतो, त्यामुळे केवळ उजेडात दिसला एवढ्याने काहीच ठरत नाही. ठिपके होते की नव्हते हे मुलास सांगता येत नसेल, तर त्याच्या वहीत ‘डोके दिसले नाही’ असेच लिहवून घ्यावे.