आपला उपवास कुणापर्यंत पोहोचतो?



राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून आपण उपवासकाळात प्रवेश केला. आशीर्वादित झावळ्या जाळून केलेली ती राख घरी तोंड धुताच निघून जाते. परंतु पापापासून मागे फिरून शुभवर्तमानावर विश्वास ठेवण्याची जी हाक त्यावेळी आपल्याला मिळाली, ती पुढच्या सर्व दिवसांसाठी आहे. प्रभू येशूने अरण्यात ४० दिवस उपवास केला, त्याचे आपण स्मरण करतो. पवित्र शनिवारपर्यंतचे दिवस मोजले तर ते ४६ भरतात. त्यातले सहा रविवार हे पुनरुत्थानाचे दिवस म्हणून वगळले की ४० उरतात.

नियम काय सांगतो?

पोप सहावे पॉल यांनी १९६६ साली उपवासाचे जुने कडक नियम सोपे केले. १९८३ च्या कॅनन लॉमध्येही (कलमे १२४९ ते १२५३) तेच धोरण आहे. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे उपवासाचे दोन दिवस. त्या दिवशी एकच वेळ पोटभर जेवायचे. सकाळी व रात्री थोडे खाल्ले तरी चालते. वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत हा उपवास बंधनकारक आहे. त्या दोन दिवशी, तसेच शुक्रवारी मांस वर्ज्य असते. हा नियम १४ वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना लागू आहे. आजारी व्यक्ती व गरोदर माता यांच्यावर उपवासाची सक्ती नाही. लहान मुलांना नियम लागू नसला, तरी प्रायश्चित्ताचा खरा अर्थ त्यांना समजावून सांगण्याची जबाबदारी हाच कायदा धर्मगुरूंवर आणि आईवडिलांवर टाकतो.

नियम इतका सोपा आहे की तो पाळणे कठीण नाही. कठीण आहे ते त्यामागचा हेतू पाळणे. शुक्रवारी मटण वर्ज्य म्हणून आपण बाजारातून मोठे पापलेट आणतो आणि चवीने जेवतो. नियम मोडला नाही; पण त्याग कसला केला? मटणाहून महाग मासळी खाऊन उपवासकाळ पाळल्याचे समाधान आपण मानत असू, तर आपण स्वतःलाच फसवत आहोत.

यशया संदेष्ट्याचा प्रश्न

ही फसवणूक जुनीच आहे. यशयाच्या ५८व्या अध्यायात लोक देवाकडे तक्रार करतात की आम्ही उपवास करतो, तरी तू लक्ष देत नाहीस. देवाचे उत्तर झोंबणारे आहे. उपवासाच्या दिवशीही तुम्ही आपला स्वार्थ साधता, आपल्या मजुरांना राबवता आणि भांडणतंटे करता, असे तो त्यांना सुनावतो. त्याला आवडणारा उपवास म्हणजे जुलमाचे जू मोडणे, भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे, उघड्याला वस्त्र देणे आणि आपल्याच माणसांकडे पाठ न फिरवणे.

हा अध्याय आपल्या घरात वाचून पाहू या. आपल्याकडे धुणीभांडी करायला येणारी बाई एक दिवस आजारी पडली, तर आपण तिचा पगार कापतो का? वाडीत किंवा बांधकामावर राबणाऱ्या मजुराला 'उद्या ये' म्हणून परत पाठवतो का? मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, अशी आज्ञा अनुवादाच्या २४व्या अध्यायात आहे. ती मजुरी अडवून ठेवून केलेला उपवास देवापर्यंत कसा पोहोचेल?

आणि 'आपलीच माणसे' म्हणजे कोण? जागेच्या वाटणीवरून, एखाद्या बांधावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षे बोलत नाहीत. एकाच मिस्साला येतात, वेगवेगळ्या बाकांवर बसतात आणि ख्रिस्तशरीर स्वीकारून वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडतात. दरवर्षी क्रुसाच्या वाटेवर आपण गुडघे टेकतो. भावाच्या उंबरठ्यापर्यंतची चार पावले मात्र चालवत नाहीत. अपराध कुणाचा होता हे ठरवायला बसलो, तर हा उपवासकाळही तसाच जाईल.

तिन्ही एकत्र

मत्तयच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू दानधर्म, प्रार्थना आणि उपवास यांविषयी सलग शिकवतो. ही तिन्ही एकमेकांना धरून आहेत. उपवासाने जे वाचते ते दानधर्माने दुसऱ्याकडे जाते, आणि ते देण्याचे मन प्रार्थनेतून मिळते. दानावाचून उपवास म्हणजे नुसती काटकसर.

म्हणून या उपवासकाळात आपण इतके करू या:

१. शुक्रवारी साधे जेवू या. वाचलेले पैसे घरातल्या एका डब्यात टाकू या. डबा मुलांच्या हाती देऊ या आणि पवित्र आठवड्यात ती रक्कम गरजूंसाठी अर्पण करू या.

२. कुणाची मजुरी वा उसने पैसे थकले असतील, तर ते आधी देऊ या. ते दान नव्हे, देणे आहे.

३. रात्रीच्या कुटुंबप्रार्थनेत यशयाचा ५८वा अध्याय एकदा वाचू या आणि प्रायश्चित्त संस्कारासाठी तयारी करू या.

४. ज्याच्याशी बोलणे तुटले आहे, त्याच्या दारी पुनरुत्थान सणाच्या आधी एकदा जाऊन येऊ या. त्याने दार उघडले नाही, तरी आपले पाऊल वाया जाणार नाही.

प्रभू येशू आपल्याला ते पाऊल उचलण्याचे बळ देवो.