मुलींच्या वर्गाआधी आयांची बैठक

प्रश्न : मुलींसाठी मासिक पाळीविषयी वर्ग भरवायचा आहे, वडीलधाऱ्या बायकांचा विरोध आहे. काय करावे?
— एक भगिनी, वरसे, तालुका रोहा

उत्तर : प्रथम त्या वडीलधाऱ्या स्त्रियांनाच सन्मानाने बोलवा, कारण डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत शेकडा ९२ जणींना स्त्रीरोग आढळले, आणि तत्पूर्वी तशी तपासणी झालेल्या शेकडा ८ जणीच होत्या. यावरून आयाही किती काळ मूकपणे सोसत आल्या, हे ध्यानी यावे. स्वतःच्या वेदनेची दखल घेतली गेली, की त्यांचा विरोध बहुधा ओसरेल. मग गावच्या आशा स्वयंसेविकेच्या साहाय्याने मुलींना सांगा : कापड साबणाने धुऊन उन्हात वाळवावे, कोकणच्या पावसाळ्यात इस्त्रीने पूर्ण कोरडे करावे, रक्तस्राव सात दिवसांहून अधिक टिकल्यास रोह्याच्या सरकारी रुग्णालयात विनासंकोच जावे.