नायक पडल्यानंतरचे शौर्य : ‘माल्डनची लढाई’ आणि मराठी पोवाडा

वीरकाव्याचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष साहजिकच नायकाकडे जाते. मराठी पोवाड्याच्या अध्यापनातही बहुधा असेच घडते. नायकाचे गुण, त्याचा पराक्रम, त्याचे बलिदान आणि शाहिराची ओजस्वी शैली या चौकटीत पोवाड्याची चर्चा संपते. नायक पडल्यानंतर काय होते, हा प्रश्न त्या चौकटीत क्वचितच येतो. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाच्या आधारे अँग्लो-सॅक्सन वीरकाव्य आणि मराठी पोवाडा यांतील शौर्यकल्पनेचा तौलनिक विचार केला आहे. दोन्ही परंपरांचा परस्परांशी ऐतिहासिक संबंध नाही. त्यामुळे येथे प्रभावाचा शोध अभिप्रेत नसून, सारख्या प्रसंगी दोन समाजांनी शौर्याला दिलेला अर्थ तपासणे एवढाच हेतू आहे.

१.

इ. स. ९९१ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स प्रांतात माल्डन येथे व्हायकिंग आक्रमकांशी लढाई झाली. तिच्यावरील काव्याचा आरंभ आणि शेवट आज उपलब्ध नाही. मूळ हस्तलिखित १७३१च्या आगीत नष्ट झाले आणि त्याआधी केलेल्या नकलेमुळे सुमारे सव्वातीनशे ओळी वाचल्या. सेनानी बिर्टनॉथ शत्रूला खाडी ओलांडू देतो आणि मारला जातो. कवीने या निर्णयासाठी ‘ओफरमोद’ हा शब्द वापरला आहे. त्याचा अर्थ अतिरिक्त अभिमान की उदात्त धैर्य, यावर मोठा वाद आहे. १९५३ मध्ये टॉल्किन यांनी त्याकडे दोष म्हणूनच पाहिले.

मात्र या काव्याचा गाभा बिर्टनॉथच्या मृत्यूनंतर सुरू होतो. गॉड्रिक नावाचा सरदार धन्याच्याच घोड्यावर बसून पळतो. घोडा ओळखीचा असल्यामुळे खुद्द सेनानीच पळाला असे सैनिकांना वाटते आणि फळी फुटते. उरलेले मोजके सैनिक एकेक करून पुढे येतात, बोलतात आणि लढत पडतात. जेवणाच्या दालनात मद्यपानाच्या वेळी केलेल्या प्रतिज्ञांची आठवण एकजण इतरांना करून देतो. बोलणाऱ्यांत डुन्नेरे हा साधा शेतकरीही आहे. अखेरीस वृद्ध बिर्टवोल्ड सांगतो की बळ ओसरत जाईल तसतसा निर्धार वाढला पाहिजे. विजयाची आशा संपल्यावरही दिलेला शब्द न मोडणे, हा या काव्यातील शौर्याचा अर्थ आहे.

‘बेओवुल्फ’ या ३१८२ ओळींच्या काव्यातही हाच प्रश्न येतो. वृद्ध राजा अग्निसर्पाशी झुंजत असताना त्याचे साथीदार रानात पळून जातात. एकटा विग्लाफ मदतीला धावतो आणि राजाने दिलेल्या शस्त्रांची व देणग्यांची आठवण ठेवून पळपुट्यांचा धिक्कार करतो. या समाजात धनी हा सोने वाटणारा असतो आणि निष्ठा ही त्या दानाची परतफेड असते.

२.

तुळशीदास शाहिराचा तानाजी मालुसरे यांच्यावरील पोवाडा या पार्श्वभूमीवर वाचला असता साम्य आणि भेद दोन्ही स्पष्ट होतात. १८९१ मध्ये शाळिग्राम व ॲक्वर्थ यांनी संपादित केलेल्या पोवाडासंग्रहामुळे असे पोवाडे छापील स्वरूपात अभ्यासकांपुढे आले. ॲक्वर्थ हे त्या वेळी मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. निवडक पोवाड्यांचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले.

या पोवाड्यात तानाजी रायबाच्या लग्नाच्या तयारीत असतो. जिजाबाई त्याला ओवाळतात, त्याची इडापिडा आपल्या अंगावर घेतात आणि त्याला मुलगा मानून सिंहगड मागतात. अँग्लो-सॅक्सन काव्यात निष्ठेचे बंधन धन्याच्या दानातून निर्माण होते, तर येथे ते मायलेकाच्या नात्यातून निर्माण होते. सरदार येथे देणग्यांचे ऋण फेडत नाही. आईने पदर पसरला म्हणून तो घरचे कार्य बाजूला ठेवतो. प्रतिज्ञेचे स्थान मात्र दोन्हीकडे सारखेच महत्त्वाचे आहे. मद्यपानाच्या दालनातील जाहीर प्रतिज्ञेला मराठी परंपरेत विडा उचलण्याची कृती समांतर आहे. चारचौघांत विडा उचलला की माघार घेणे ही केवळ भीती राहत नाही, तो शब्दभंग ठरतो.

तानाजी पडल्यानंतरचा प्रसंग या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. १६७०च्या या लढाईविषयी सभासद बखर सांगते की तानाजी पडल्यावर त्याचा भाऊ सूर्याजी याने धीर धरून लोक सावरले आणि गड घेतला. पुढच्या लोकपरंपरेने यात परतीचे दोर कापल्याची गोष्ट घातली. माल्डनच्या काव्यात पळण्याचे साधन असलेला घोडा सैन्याचा घात करतो. सिंहगडाच्या कथेत पळण्याचे साधन असलेला दोर कापला गेल्यामुळे सैन्य टिकते. दोन्ही ठिकाणी नायकाच्या पराक्रमाचे मोल त्याच्यामागे उरलेल्यांच्या वर्तनावरून ठरते.

पानिपतच्या इतिहासात याची दुसरी बाजू दिसते. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव पडल्यावर सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले. रिकामी अंबारी पाहून भाऊही पडले असा समज झाला आणि सैन्याचा धीर सुटला, असे वृत्तान्त सांगतात. ओळखीचा घोडा आणि रिकामी अंबारी ही एकाच समजाची दोन रूपे आहेत. सैन्याचे धैर्य सेनानी दिसण्यावर अवलंबून असेल, तर तो दिसेनासा होताच ते संपते. पानिपतावरील पोवाड्यांतील शोक केवळ वीरांच्या मृत्यूचा नाही. तो या तुटलेल्या धैर्याचाही आहे.

३.

पोवाड्यातील नायकाची कल्पना आधुनिक काळात बदलली. जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये रचलेल्या शिवाजीमहाराजांवरील पोवाड्यात राजाची थोरवी कुळवाड्यांशी, म्हणजे कसणाऱ्या रयतेशी, जोडली गेली. पुढचे पाऊल मुंबईत पडले. माझगावच्या गोदीपासून लालबाग-परळच्या गिरण्यांपर्यंत पसरलेल्या कामगारवस्तीत पोवाड्याला नवा श्रोता मिळाला. हा श्रोता कोणत्याही दरबाराचा मानकरी नव्हता. घाटावरून आणि कोकणातून पोटासाठी आलेला तो माणूस होता. वाटेगावहून मुंबईत येऊन गिरणीत राबलेले अण्णाभाऊ साठे, तसेच अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले, ते याच श्रोत्यासाठी.

अण्णाभाऊंचा स्टालिनग्राडवरील पोवाडा किंवा अमळनेरच्या हुतात्मा कामगारांवरील पोवाडा यांत शौर्याचा कर्ताच बदललेला आहे. शहर लढते, गिरणीतले कामगार गोळीबाराला सामोरे जातात. डुन्नेरेसारखा साधा माणूस माल्डनच्या काव्यात नायक पडल्यानंतर बोलतो; येथे तो आरंभापासूनच बोलतो. जुन्या पोवाड्यात जी कसोटी शेवटी येत होती, ती आता पहिल्या कडव्यापासून सुरू होते.

या बदलाला पोवाड्याच्या सादरीकरणातच आधार होता, हे येथे लक्षात घ्यावे लागते. पोवाडा एकटा शाहीर गात नाही. डफ-तुणतुण्याच्या साथीने तो पुढची ओळ गातो आणि झीलकरी ती उचलून धरतात. शाहीर श्वास घेतो तेव्हा पोवाडा थांबत नाही. समूहाचा हा आवाज दरबारी पोवाड्यातही होता, पण तेथे तो नायकाच्या स्तुतीला साथ देत होता. कामगार शाहिरांनी या आवाजालाच आशयाचे केंद्र केले. म्हणून त्यांचे पोवाडे परंपरेपासून फुटून निघालेले प्रचारकाव्य आहेत, हा समज अपुरा ठरतो. परंपरेत आधीपासून असलेली एक शक्यता त्यांनी पूर्णत्वाला नेली.

४.

या तुलनेच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. माल्डनचे काव्य एका पराभवाचे आहे, सिंहगडाचा पोवाडा विजयाचा. एकाला हस्तलिखिताच्या नकलेने वाचवले, तर दुसरा गायनपरंपरेतून पाठभेदांसह आला. असे असले तरी नायकाच्या मृत्यूने शौर्य सिद्ध होते, ही समजूत दोन्ही काव्ये मोडून काढतात. नायकाचा मृत्यू शौर्याची कसोटी सुरू करतो. तिचा निकाल मागे राहिलेले लावतात.

पोवाड्याचे अध्यापन करताना हा भेद डोळ्यांसमोर राहिला, तर वीरपूजा आणि वीरकाव्य यांतील अंतर विद्यार्थ्यांना समजू शकेल. वीरपूजेत श्रोता नायकाकडे पाहून समाधान पावतो. वीरकाव्य मात्र नायकाला रणात पाडते आणि मग श्रोत्याला सूर्याजी आणि गॉड्रिक यांपैकी एकाची जागा निवडायला लावते. पोवाड्याचे हे आवाहन केवळ स्फूर्ती देणारे नाही, ते नैतिकही आहे. त्याच्या वाङ्मयीन मूल्याचा विचार या अंगाने अधिक व्हावयास हवा.